बीएमआय घरी कसा काढायचा, आणि आकडा आल्यावर काय करायचं

मोबाइलवर उंची-वजन टाकायचं, हिरवा पट्टा दिसला की निवांत व्हायचं आणि लाल दिसला की दुसऱ्या दिवसापासून भात बंद करायचा. सोलापुरात आरोग्य शिबिराच्या टेबलावर बसलं की बीएमआयचा हाच वापर दिसतो. दोन्ही प्रकारची माणसं बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यावर विसंबलेली असतात. कुणी उंची अंदाजाने सांगितलेली असते, कुणी वजन चपलांसकट केलेलं असतं, आणि हिरवा-लाल ठरवणारी रेषा तर आपल्यासाठी आखलेलीच नसते.

बीएमआय म्हणजे वजन आणि उंची यांचा एक भागाकार. पुढची तपासणी कुणाची करायची, एवढं ठरवायला तो उपयोगी पडतो. आजार आहे की नाही हे तो सांगत नाही. तरीही तो नीट काढलेला असावा लागतो, कारण उंचीत दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले तरी माणूस एका गटातून दुसऱ्या गटात जातो.

## तयारी: आधी हा आकडा आपल्याला लागू आहे का, ते बघा

मोजायला घेण्याआधी पुढचे लोक बाजूला काढा. त्यांच्यासाठी हा हिशेब एकतर वेगळा आहे किंवा निरुपयोगी आहे.

- १८ वर्षांखालची मुलं. सूत्र तेच असतं, पण मोठ्यांच्या रेषा त्यांना लावायच्या नाहीत. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय १७ आला म्हणून "लेकरू वाळलंय" असं ठरवून तुपाचा डबा उघडू नका. त्या वयाला १७ अगदी व्यवस्थित असू शकतो.
- गरोदर बाई. गरोदरपणाआधीचं वजन, ते माहीत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतलं वजन धरतात. सातव्या महिन्यातल्या वजनावरून काढलेल्या बीएमआयला अर्थ नाही. बाळंतपणानंतर लगेचचं वजनही धरू नका.
- अंगावर सूज असलेले रुग्ण. मूत्रपिंड, हृदय किंवा यकृताच्या आजारात अंगात साठलेलं पाणीही काट्यावर वजन म्हणूनच दिसतं.
- तालमीतले पैलवान आणि जिममध्ये कमावलेली मंडळी. स्नायूही वजनदार असतात. त्यांच्यासाठी पाचवा टप्पा जास्त महत्त्वाचा.
- पाठीत वाकलेले वृद्ध. यांची उंची घटलेली असते, त्यामुळे बीएमआय खऱ्यापेक्षा जास्त येतो. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर घ्या. ते साधारण तरुणपणीच्या उंचीइतकं भरतं. अंदाजाला तेवढं पुरतं.

साहित्य फार नाही: वजनकाटा, गवंडी-सुतार वापरतात तो पोलादी टेप, शिंप्याचा कापडी टेप, पेन्सिल, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक किंवा सुताराचा गुण्या, आणि मोजायला दुसरा माणूस. स्वतःची उंची स्वतः मोजता येत नाही. डोक्यावर हात नेला की मान हलतेच.

## टप्पा १: उंची, सगळ्यात जास्त चुकणारा आकडा

वजन सगळे पुन्हापुन्हा करतात, उंची मात्र आयुष्यात एकदा मोजलेली असते. "पोलीस भरतीला उभा होतो तेव्हा पाच सात भरली होती" हे उत्तर पन्नाशीचा गृहस्थ अगदी खात्रीने देतो. मधल्या तीस वर्षांत मणक्यांतल्या चकत्या दबलेल्या असतात आणि बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यानंतर हाडंही झिजतात. म्हणून आजची उंची मोजा.

भिंत सरळ हवी. जुन्या माळवदाच्या घरात अशी भिंत मिळणं कठीण. तिथे लोखंडी कपाटाची सपाट बाजू चालते. फ्लॅटमध्ये दुसरी अडचण येते: भिंतीच्या तळाशी लावलेली स्कर्टिंगची पट्टी टाच पुढे ढकलते आणि माणूस किंचित तिरका उभा राहतो. पट्टी नसलेली जागा शोधा. पायाखाली शहाबादी फरशी असेल तर जिथे ती डुगडुगत नाही आणि उतार नाही तिथे उभे राहा.

1. चप्पल, बूट, मोजे काढा. टोपी, अंबाडा, उंच बांधलेली वेणी, गजरा, क्लिप हे सगळं काढा. बायकांच्या उंचीत केसांमुळे सहज तीन-चार सेंटिमीटरची भर पडते.
2. टाचा जुळवून भिंतीला टेकवा. ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग टेकला पाहिजे. पोट मोठं असलेल्या माणसाचं डोकं भिंतीला टेकेलच असं नाही, जबरदस्तीने टेकवू नका.
3. नजर समोर ठेवा. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत यायला हवं. हनुवटी वर केली की उंची घटते. "ताठ उभे राहा" म्हटलं की लोक नेमकी हनुवटी वर करतात.
4. खोल श्वास घ्यायला सांगा आणि पुस्तक भिंतीला काटकोनात चिकटवून डोक्यावर टेकवा. केस दबले पाहिजेत. पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलीची खूण करा.
5. माणूस बाजूला झाल्यावर जमिनीपासून खुणेपर्यंत पोलादी टेपने मोजा. सेंटिमीटरची बाजू वाचा.

तपासून पाहा: हेच सगळं पुन्हा एकदा करा. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि जवळजवळच्या दोन मापांची सरासरी घ्या. सकाळच्या मानाने संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते, म्हणून उंची आणि वजन दोन्ही सकाळीच घेतलेलं बरं.

इशारा, फूट-इंचाचा: पाच फूट दहा इंच म्हणजे ५.१० फूट नव्हे. एका फुटात बारा इंच असतात, दहा नाही. बोलताना आपण "पाच दहा" म्हणतो आणि कॅल्क्युलेटरवर ५.१० दाबतो. खरी उंची १७७.८ सेंमी, आणि ५.१० फुटांचे होतात फक्त १५५.४ सेंमी. ७४ किलोच्या माणसाचा खरा बीएमआय २३.४, चुकीने काढलेला ३०.६. एका टिंबाने धडधाकट माणूस लठ्ठ ठरला. फूट-इंचच माहीत असतील तर आधी सगळ्याचे इंच करा (५ × १२ + १० = ७०) आणि २.५४ ने गुणा.

## टप्पा २: वजन

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, हलक्या कपड्यांत. एवढं पाळलं तरी बराच गोंधळ मिटतो. एकाच दिवसात वजन किलो-दीड किलोने सहज हलतं. जेवण, पाणी, घाम, सगळं त्यात येतं. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना, दुपारभर उन्हात काम केलेल्या माणसाचं संध्याकाळचं वजन कमी भरतं. ती चरबी नव्हे, अंगातलं पाणी गेलेलं असतं. दोन तांबे पाणी प्यायलं की भरून येतं.

उपवासाच्या दुसऱ्या दिवशीचं वजनही धरू नका. निर्जळी केली असेल तर ते खोटं खाली येतं, आणि आपल्याकडची एकादशी दुप्पट खाशी असेल तर वरही जातं.

काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकीचं वजन दाखवतो. दोन्ही पायांवर सारखा भार द्या, भिंतीला हात लावू नका, आकडा वाचायला स्वतः वाकू नका, दुसऱ्याला वाचू द्या. खिशातला मोबाइल, किल्ल्या, कमरेचा पट्टा बाजूला काढा. स्टेशनवरच्या किंवा बाजारातल्या यंत्रावर बॅग-बूटांसकट केलेलं वजन करमणूक म्हणून ठीक, हिशेबाला नको.

तपासून पाहा: काट्यावर उभं राहून आकडा लिहा. मग दहा किलो पिठाची न फोडलेली पिशवी हातात घेऊन पुन्हा उभे राहा. फरक दहा किलोच्या आसपास यायला हवा. स्प्रिंगचा जुना काटा असेल तर आधी सुई शून्यावर आहे का बघा. पावशेर-अर्धा किलो फरकाने काही बिघडत नाही, दोन किलोंचा फरक पडत असेल तर दुसरा काटा शोधा.

काही डिजिटल काटे वजनासोबत चरबीची टक्केवारीही दाखवतात. तळपायातून बारीक वीजप्रवाह सोडून केलेला तो अंदाज असतो. अंगात पाणी किती आहे यावर तो बदलतो, त्याच्यामागे लागू नका.

## टप्पा ३: भागाकार

वजन किलोत, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. वर्गाची भानगड नको असेल तर मोबाइलवर वजनाला उंचीने दोनदा भागा.

समजा उंची १६३ सेंमी, म्हणजे १.६३ मीटर, आणि वजन ६८ किलो.
६८ ÷ १.६३ = ४१.७२
४१.७२ ÷ १.६३ = २५.६

बीएमआय २५.६. एकदाच भागून ४१ आला म्हणून घाबरलेले लोक भेटतात. अठराच्या वरच्या माणसासाठी स्त्री-पुरुष आणि वय यांनी हे सूत्र बदलत नाही. अ‍ॅप वय विचारतं ते पुढच्या सल्ल्यांसाठी.

## टप्पा ४: आकडा आपल्या रेषांवर लावा

इथे अ‍ॅप फसवतं. बहुतेक अ‍ॅपमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण रेषा असतात: १८.५ ते २४.९ ठीक, २५ पासून जास्त वजन, ३० पासून लठ्ठपणा. भारतीयांसाठी २००९ साली डॉक्टरांनी एकमताने ठरवलेल्या जास्त वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा याहून खाली आहेत. त्या धरून गट असे:

- १८.५ पेक्षा कमी: वजन कमी
- १८.५ ते २२.९: ठीक
- २३ ते २४.९: जास्त वजन
- २५ आणि वर: लठ्ठपणा

रेषा खाली आणण्याचं कारण साधं आहे. तेवढाच बीएमआय असलेल्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या अंगात चरबी जास्त असते, स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटाच्या आत, यकृता-आतड्यांभोवती साठते. मधुमेह आपल्याला कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. वरच्या उदाहरणातला ६८ किलोचा माणूस अ‍ॅपवर "थोडं जास्त" दिसतो, आपल्या रेषांनी तो लठ्ठ गटात जातो. त्याच उंचीला २३ चा बीएमआय ६१ किलोला येतो. २४.२ वाला तर अ‍ॅपवर चक्क हिरवा असतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या हिरव्या रंगाने होतं. लाल दिसलेला माणूस निदान कुणाला तरी विचारतो.

इशारा: रेषेच्या अगदी काठावर आलात तर उंची पुन्हा मोजा. ६५ किलो आणि १६० सेंमी म्हणजे २५.४. तोच माणूस १६२ भरला तर २४.८.

१८.५ च्या खाली असलेल्यांसाठी: आपल्याकडे बारीक माणसाचं कौतुक होतं, नाहीतर "काडीपैलवान" म्हणून चेष्टा होते. तपासणी कुणी करत नाही. विड्या वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर पाळी करणाऱ्या घरांत असा आकडा आला तर दोन गोष्टी विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा रात्रीचा घाम आहे का? असेल तर क्षयाची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. दुसरं, अंगात रक्त कमी आहे का? हिमोग्लोबिन बघा.

## टप्पा ५: टेप कंबरेला लावा, हा टप्पा गाळू नका

बीएमआयला चरबी कुठे आहे हे कळत नाही. म्हणून दोन माणसं शेजारी उभी करून बघू. पहिला यंत्रमागावरचा, १६५ सेंमी, ६० किलो, हातपाय काटकुळे, पोट सुटलेलं. बीएमआय २२, म्हणजे ठीक, पण कंबर ९४ सेंमी. दुसरा तालमीतला, १७० सेंमी, ८२ किलो. बीएमआय २८.४, कंबर ८४. नुसत्या बीएमआयवर गेलो तर पहिल्याला घरी पाठवू आणि दुसऱ्याला डाएट लिहून देऊ. साखर आधी तपासायला हवी पहिल्याची.

कंबर कुठे मोजायची यावर घोळ होतो. पँटचा नंबर म्हणजे कंबर नाही. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षं "चौतीस"च सांगतो. साडीत परकराची नाडी बसते ती जागाही नाही, तिथे अंग दबून वळ पडलेला असतो.

1. पोटावरचा कपडा बाजूला करा. बायकांचं माप बाईनेच घ्यावं.
2. कुशीत बोटाने चाचपून शेवटची बरगडी शोधा. मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोघांच्या बरोबर मधोमध खूण करा, दोन्ही कुशींत.
3. कापडी टेप त्या खुणांवरून गोल फिरवा. मागच्या बाजूला तो खाली घसरतो, मागे जाऊन बघा. टेप अंगाला लागलेला असावा, रुतलेला नको.
4. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा. टेप दिसला की प्रत्येक अण्णा पोट आत ओढतात. त्यांना काहीतरी बोलायला लावा, श्वास आपोआप सुटतो.

रेषा: पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी. इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. आणखी एक झटपट कसोटी: कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. १६५ उंचीला साडेब्याऐंशी. आपला यंत्रमागवाला दोन्हींत बाहेर आहे, पैलवान दोन्हींत आत.

तिशीपुढच्यांसाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरून घेतात, त्यातही कंबरेचा घेर विचारलेला असतो. तिथे अंदाजाने "लिवा की बत्तीस" असं सांगू नका. त्या फॉर्मची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलावतात, कंबर चोरली तर तुमचाच नंबर मागे जातो.

तपासून पाहा: शिंप्याचा जुना टेप ताणून लांब झालेला असतो. पोलादी टेपशेजारी ठेवून शंभर सेंटिमीटर जुळतात का बघा.

## टप्पा ६: पुढच्या तपासण्या

बीएमआय २३ च्या वर, किंवा कंबर रेषेच्या बाहेर, किंवा आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह. यातलं एक जरी असेल तर हे करून घ्या:

- रक्तदाब. पाच मिनिटं शांत बसून, आधी चहा-तंबाखू न घेता. १४०/९० किंवा वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.
- उपाशीपोटी साखर. आठ तास काही न खाता. १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ आणि वर मधुमेहाचा संशय, पुन्हा तपासून पक्का करायचा. सकाळचा "फक्त अर्धा कप" चहासुद्धा चालत नाही.
- एचबीएवनसी. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो, डॉक्टरांना तसं सांगा.
- चरबीची तपासणी, म्हणजे लिपिड प्रोफाइल.
- बाईची पाळी अनियमित असेल किंवा थकवा, बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइड. झोपेत मोठ्याने घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तेही सांगा.

रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासतात. हजारो रुपयांच्या "फुल बॉडी" पॅकेजची गरज सुरुवातीला नसते.

## टप्पा ७: किती कमी करायचं, कधी मोजायचं

सरळ २२ वर यायचं ध्येय धरलं की महिन्याभरात कंटाळा येतो. आधी आजच्या वजनाच्या पाच टक्के धरा. ६८ किलोला साडेतीन किलोच्या आत. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक पडू लागतो. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच काट्यावर. रोज करू नका, पाण्याच्या चढ-उताराने डोकं फिरतं. कंबर महिन्यातून एकदा. बीएमआय तीन महिन्यांनी काढला तरी चालतो. चालायला लागल्यावर कधी वजन तसंच राहतं आणि कंबर दोन सेंटिमीटरने उतरते, ते चांगलंच आहे.

ज्वारी सोडून ओट्सवर जाऊ नका. घरात मंगळवेढ्याची ज्वारी असताना त्याची काही गरज नाही. शेंगाचटणी मात्र वाटीने नको, चमच्याने घ्या, त्यात तेल आणि शेंगदाणे दोन्ही आहेत. आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालणं धरा. उन्हाळ्यात सात वाजायच्या आत किंवा दिवस मावळल्यावर.

इशारा: काही न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप गेलं, सोबत तहान आणि लघवी वाढली असेल, तर साखर आधी बघा. अनेक घरांत "बरं झालं, अंग उतरलं" असं म्हणत म्हणत साखर तीनशेवर गेलेली असते. साखर ठीक निघाली तरी डॉक्टरांना दाखवाच.

## डॉक्टरांकडे जाताना

तोंडी सांगू नका, कागदावर लिहून न्या: तारीख, उंची सेंटिमीटरमध्ये, वजन आणि ते कधी केलं, बीएमआय, कंबर, वर्षभरापूर्वीचं वजन माहीत असेल तर ते, आई-वडील-भावंडांत कुणाला मधुमेह किंवा हृदयविकार, आणि चालू असलेली सगळी औषधं. त्यात आयुर्वेदिक चूर्णं आणि वजन कमी करायच्या पावडरीही लिहा. स्टिरॉइड घेत असाल तर ते ठळक लिहा, त्याने वजन वाढतं. दम्याचं इन्हेलर, त्वचेचं मलम, सांधेदुखीवर कुणी दिलेली बिननावाची पुडी, सगळं सोबत घेऊन जा.